गोदाक्काचं आजारपण

सून दिवसभर लॅपटॉपपुढे बसते आणि हाक मारली की नुसता हात वर करते, ही गोदाक्काची तक्रार अख्ख्या गल्लीला पाठ होती. आजही ती दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीतून आली, तर लॅपटॉपमधून साहेबाचा आवाज.

"सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसला यायचंय. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात म्हणता, तर आत्ता दाखवा. नाहीतर राजीनामा पाठवा."

दीड वर्षाची पोर मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेनं दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

गोदाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं आवाज न करता डबा टेकवला, कॉटवर आडवी होऊन गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि लॅपटॉप वळताच अशी कण्हली, की साहेबच "राहू द्या, राहू द्या" म्हणाला.

कॉल संपला तशी ती पदर झटकत उठली.

"सोमवारी ऑफिसला जा. पोरीला मी बघते. हे तू मला आधीच विचारायचं होतंस. साहेबाला सांग, सासूला सांभाळायला बाई मिळाली. आणि पुन्हा गरज पडली तर मेली म्हण, पण मला अंथरुणाला खिळवायचं नाही."