डाकू पकडा

गेटवरून नव्या वॉचमनचा, सुदामचा इंटरकॉम आला तेव्हा दिपा पुठ्ठ्याच्या निवडुंगाला हिरवा रंग देत होती.

"मॅडम, खाली या. ती फोटोतली बाई धरून ठेवलीय. तुमच्याकडेच कामाला येते म्हणते."

"कोणत्या फोटोतली?" असं विचारता विचारताच दिपाला कालचा फोटो आठवला.

आज पाच वाजता राजसच्या सातव्या वाढदिवसाची काउबॉय पार्टी होती. खेळांची यादी फ्रिजवर चिकटवलेली: घोड्याला फास, नाल फेकणे, डाकू पकडा. तिसरा खेळ दिपाच्या स्वतःच्या डोक्यातला, म्हणून जरा जास्तच लाडका. मोठ्या पुठ्ठ्याला तोंडाएवढं भोक, वर ठळक 'वॉन्टेड', खाली 'बक्षीस'. मुलांनी भोकातून तोंड काढायचं, फोटो काढायचे, आणि मग शेरीफने ते डाकू बागेत शोधून काढायचे. काल नमुना म्हणून कुणीतरी हवं होतं. राजस क्लासला गेलेला. दिपाने भांडी घासणाऱ्या शुक्रीला हाक मारली. शुक्री पदराला हात पुसत आली, भोकातून तोंड काढलं आणि तिला हसू आवरेना. "हसू नको गं, डाकू आहेस तू! रागाने बघ," दिपा म्हणाली. मग शुक्रीने सांगितलं तसं बघितलं.

तो फोटो दिपाने चार मैत्रिणींना पाठवला. खाली लिहिलं, 'सावधान! ही आपल्याच बिल्डिंगमध्ये फिरतेय', आणि पुढे चार हसरे चेहरे. चार घरांतून फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, म्हणजे चाळीस घरांत गेला. हसरे चेहरे वाटेत कुठेतरी गळाले असावेत.

शुक्री वॉचमनच्या केबिनपाशी उभी होती, कापडी पिशवी छातीशी धरून. भाजी घेऊन परतलेल्या पाच-सहा जणी भोवती थांबल्या होत्या. सुदामने सगळ्यांना ऐकू जाईल असं मोबाइलवरचं वाचून दाखवलं. "सावधान, ही आपल्याच बिल्डिंगमध्ये फिरतेय." आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून इतके वाईट ऐकू येतात हे दिपाला ठाऊक नव्हतं.

त्याने फोटो शुक्रीपुढे धरला. "हा मीच हाय की," ती म्हणाली, आणि वेडी चक्क हसली.

"कुणी काढला?"

शुक्रीने दिपाकडे पाहिलं. सांगायचं ते ताई सांगतील, एवढा तिचा साधा हिशेब.

सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण दिपाला करंजाड्यात राहायला येऊन सहाच महिने झाले होते. समोरच उभ्या असलेल्या कमिटीतल्या शशिकलाकाकूंनी परवा पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली होती, आणि त्यांचीच नातवंडं पाच वाजता वर येणार होती. दिपाने ते वाक्य गिळलं. पाच-सहा सेकंदच गेले असतील, असं नंतर तिने स्वतःला पुष्कळदा समजावलं.

"आधी पिशवी बघून घ्या हो," शशिकलाकाकू म्हणाल्या. "उगाच मनात शंका नको."

शुक्रीने पिशवी आपणहून पुढे केली. सुदामने ती टेबलावर उपडी केली. आतून लाल, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांची भेंडोळी पडली. त्याने एक उचलून उलगडलं. टोकाला गोल फास होता, ओढला की सरकणारा.

"अगंबाई!" कुणीतरी दोन पावलं मागे सरली. "हे कशाला बाळगते ही?"

"माझे आहेत ते," दिपा म्हणाली. आता कुठे तोंड उघडलं बाईने. "म्हणजे, मुलांच्या खेळाचे. पनवेलच्या बाजारातून आणलेली नायलॉनची दोरी नीट पडत नव्हती, म्हणून मीच हिला करून आणायला सांगितलं होतं."

"आणि फोटो?"

"तोही खेळातलाच. चुकून गेला ग्रुपवर."

जणू फोटोला पाय फुटले आणि तो आपणहून चालत गेला. कुणाच्या हातून गेला हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"अय्या, मग आधी नाही का सांगायचं!" म्हणून सगळ्या खळखळून हसल्या. सुदामही हसला. शशिकलाकाकूंना तर आयडिया फार आवडली. त्या हसण्याने दिपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या बसल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

शुक्री टेबलावरच्या दोऱ्या एकेक करून गुंडाळत होती. दिपा मदतीला पुढे झाली. "शुक्री, माझं जरा..."

"सुंभ पोरांच्या हाताला टोचंल, म्हनून लुगडी फाडून वळल्या," शुक्री खाली बघतच म्हणाली. "मी नि माज्या पोरानं, देवजीनं. पोरांच्या मापाच्या हायत."

सगळ्या दोऱ्या तिने दिपाच्या हातात ठेवल्या.

"पन ताई, पोरांना आदीच सांगून ठेवा. घोड्यालाच टाकायची. गाठ सरकती हाय. मानसाच्या गळ्यात पडली तर सवताच्या हातानं सुटत नाय. ज्यानं टाकली त्यानंच सोडवायची."

एवढं सांगून ती भांडी घासायला वर गेली. दिपा दोन्ही हातांत फास धरून गेटवरच उभी राहिली.