सहाची तक्रार

बरोबर सहाच्या ठोक्याला एसी बंद झाला. घड्याळजी भिंतीपाशीच उभे होते. धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून ते तयार होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि फोन हातात घेतला.

"फोनवर भांग दिसतो होय रे?" अक्का पलंगावरून म्हणाली. ही थोरली बहीण. गुडघ्यांनी संप केल्यापासून धाकट्या भावाकडे राहायला आली होती. तोंडाचा मात्र संप नव्हता.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दुकान बंद पडलं, नाव चालू राहिलं.

भानगड साधी होती. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरचे एसी एकदम सुरू होतात आणि विजेवर ताण येतो. म्हणून वीज कंपनीने प्रत्येक एसीच्या बटणाशेजारी एक डबी बसवली होती. ताण वाढला की कंपनी आपल्या ऑफिसात बसून तुमच्या घरातला एसी तासभर बंद करायची. घड्याळजींनी पहिल्याच आठवड्यात तक्रार ठोकली. तिथला नियम असा, की फोनवरच्या ज्या मुलीने तक्रार लिहून घेतली, तिच्याकडेच तक्रार मिटेपर्यंत तुमचा फोन जाणार. घड्याळजींची तक्रार दोन महिने झाले तरी मिटत नव्हती.

"नमस्कार, सर," पलीकडून आवाज आला.

"एसी बंद पडला."

"डबीवर कुठला दिवा आहे?"

"हिरवा."

ती जरा थांबली. "बरं. नोंद केली. उकाडा फार होतोय का?"

"होतोय तर."

"मागची खिडकी उघडा. थोडी वर उचलून ढकलली की उघडेल. आणि पाणी प्या."

"पितो. तुमचं जेवणखाण वेळेवर होतं ना?"

"होतं, सर."

"काम फार असेल."

"असतं. पण आवडतं मला."

"मग झालं तर."

"उद्या बंद पडला तर फोन करा, सर."

"करतो."

फोन ठेवला तरी घड्याळजींचा हात बराच वेळ त्याच्यावरच होता.

"परक्या पोरीच्या जेवणाची चौकशी!" अक्का पदराने वारा घेत कडाडली. "आणि पोटच्या पोरीला पाच वर्षांत एक फोन नाही."

"तिने करावा. घर सोडून ती गेली."

"जा म्हणालं कोण? दुकान चालव म्हणून हटून कोण बसलं? बंद घड्याळं कुरवाळत नाही बसणार म्हणाली, तर काय चुकलं तिचं? शेवटी लावलंसच ना कुलूप?"

घड्याळजींनी खुर्ची भिंतीशी सरकवली. चुकलं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण जाताना लेक म्हणाली होती, आता तुम्ही बोलावल्याशिवाय मी हाक मारणार नाही. आणि हे म्हणाले होते, मीही बोलावणार नाही. खाण तशी माती. तिच्यासाठी घेतलेला घड्याळकामाचा बारका चिमटा त्यांच्या खणात अजून होता. आठवड्यातून एकदा ते तो पुसून ठेवत. तिची फार आठवण यायची. तिने एकदा आपणहून फोन करावा आणि बाबा म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अक्काला मात्र गार वारा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच कंपनीला फोन लावला आणि असा काही आवाज चढवला, की दुपारी वायरमन दारात हजर.

त्याने डबी उघडून पाहिली. "काका, कंपनीने बंद केला की हा दिवा लाल होतो. तुमचा दोन महिन्यांत एकदाही झालेला नाही. पहिल्या तक्रारीलाच ऑफिसातून तुमचं घर एसी बंद करायच्या यादीतून काढलंय."

"मग काय भूत बंद करतं?" अक्काने विचारलं.

"बटण ढिलं असेल, मावशी." त्याने नवं बटण बसवलं, मोबाईल काढला. "चला, तक्रार मिटली."

"अहो, थांबा!" घड्याळजी पुढे झाले. "मिटवू नका. चार दिवस बघू तरी."

"मिटवली, काका. पुन्हा काही झालं तर नवी करा. तिथे दीडशे जण बसतात, कुणीही घेईल."

वायरमन गेला. घड्याळजी दारातच उभे राहिले.

"लोकांचं दुरुस्त झालं की लोक हसतात," अक्का म्हणाली. "तुझं तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

त्या संध्याकाळी घड्याळजींनी सवयीने कंगवा उचलला आणि परत ठेवून दिला. सहा वाजले. एसी चालूच होता. अक्काने पाय पसरले आणि "अहाहा!" केलं. घड्याळजी खुर्चीत बसून फोनकडे बघत होते. दीडशेतल्या कुणाला तरी फोन करून काय करायचं? उठावंसंच वाटेना.

सहा वाजून पाच मिनिटांनी खट् असा आवाज आला आणि एसी थांबला.

"अगं बाई! आजच नवं बटण घातलं ना रे?" अक्का उठून बसली.

घड्याळजींनी मान वर केली. डबीवर लाल दिवा लागला होता. ते अजून त्या दिव्याकडे बघतायत, तोच मांडीवरचा फोन वाजला.

"नमस्कार, सर. वीज कंपनीतून बोलतेय. तुमचा एसी बंद पडलाय का?"

घड्याळजी खुर्चीतून उठून उभे राहिले. मग ते हळूच म्हणाले, "पडलाय. पण आज मी नाही बंद केला."

"माहीत आहे, बाबा. आज मी केला."