ताटावरून उठू नये

नागोराव ताटावर बसला आणि दुर्गाबाईंनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"काकू, रणजितभाऊ कुठं आहेत? तीनच्या आत अर्ज मागं घ्यायचाय. ते गाडीतून नेणार होते."

"यील. तोवर जेव."

रणजित, त्यांचा लेक, सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार. तो निवडणूक कचेरीच्या दारात केव्हाचा नागोरावचीच वाट बघत उभा होता, हे दुर्गाबाईंना पक्कं ठाऊक होतं; 'जेवला की लावून देते' म्हणून त्यांनीच त्याला पुढं धाडलं होतं. त्यांच्या वॉर्डातले बाकीचे उमेदवार आधीच बसवले होते. उरला होता हा एकटा, त्यांच्याच चाळीतला भाडेकरू. यानं माघार घेतली की रणजित बिनविरोध नगरसेवक.

"गेल्या खेपेला काय झालं रं तुझं?"

"डिपॉझिट गेलं."

"त्याच्या आधी?"

"तेव्हाही."

दुर्गाबाई त्याच्याकडं नवलानं बघत राहिल्या. "अन् असल्या पडेल माणसाला भिऊन माझा त्यो वाघ माझ्या पाया पडाय येतो! तू उभा राहिलास तवाच गल्लीत दिवे लागले. औंदा नळाला गटाराचं पाणी येतंय, नात तापानं फणफणलीय, अन् रणजित म्हणतो, बिनविरोध हाय तर दारोदार कशाला फिरायचं?"

नागोरावच्या खिशातला फोन वाजला. त्याचा हात तिकडं गेला.

"उष्ट्या हातानं?"

हात मागं आला. तो उठू लागला.

"भरल्या ताटावरनं उठतोस? तुमच्या नांदेडाकडं चालत असंल. आमच्यात न्हाय चालत."

ताटात आणखी एक भाकरी पडली.

"काकू, निदान घरातलं एखादं मत तरी मला द्याल?"

"छे! आमचं मत सासऱ्यांपासनं ठरल्यालं हाय."

"मग कुणाच्या जिवावर उभा राहू? माझ्या बायकोनंसुद्धा मागच्या वेळी त्यांनाच दिलं."

पिठल्याचा डाव हवेतच थांबला. "तिनं सांगितलं तुला?"

"हो. म्हणाली, निवडून येणाऱ्याला द्यावं."

"शहाणी हाय."

फोन पुन्हा वाजला आणि वाजून वाजून गप्प झाला. नागोरावनं ताट पुसून घेतलं, हात धुतले आणि मग कुठं त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. तीन वाजून गेले होते.

"काकू, आता?"

दुर्गाबाईंनी त्याच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

"आता पड," त्या म्हणाल्या. "पण जरा जोर लावून पड."