जाहची वाव

दोरी चार बोटं कमी भरली.

पाक सोहने ती फळीवर पुन्हा ताणली. पुन्हा चार बोटं कमी. फळीवरच्या खुणा चुकणं शक्य नव्हतं, आणि करवत तर नाहीच नाही. सकाळीच त्याने एक तुकडा कापून, अर्धा उलटा करून, दोन्ही कडा भिडवून उन्हाकडे धरला होता. मधून उजेडाची रेघही आली नव्हती. सगळ्या मरांगात सांगतात की या सुताराच्या सांध्यातून जायचं तर मुंगीला जेवण सोडावं लागतं. एक मुंगी आठवडाभर उपाशी राहिली म्हणे, आणि तरी कमरेत अडकली.

घर बांधायचं होतं जावयाचं, रमलानचं. घरासाठी पहिली कापायची ती मापकाठी. घरधनिणीने दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं भरेल, तेवढी तिची वाव. आणि तेवढीच काठी. मग खांब, दारं, तुळया, सगळं त्या काठीच्या पटीत. ज्या बाईची वाव, तिचं घर. इथे हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

आणि लेकीची, जाहची वाव पाक सोहला तोंडपाठ होती. ती अठरा वर्षांची असताना तिचा विणायचा माग त्यानेच तिच्या हातांच्या बेताने बनवला होता. पाच फूट एक इंच. ही दोरी चार फूट दहा.

"दोरी तूच मापलीस?" दोरी घेऊन आलेल्या रमलानला त्याने विचारलं.

"मीच, आयाह. घरी, परवा. तिचीच आहे." सासऱ्यालाही तो आयाह, म्हणजे बाबाच म्हणायचा.

कोपऱ्यात खुर्चीचा पाय घासत बसलेला त्याचा जुना सोबती देरामान खुदकन हसला. "लग्नानंतर बायका रुंद झालेल्या पाहिल्यात, सोह. आखूड झालेली पहिलीच ऐकतोय."

रमलान हसला नाही. तो मासळीचा टेम्पो घेऊन दुंगुनला जायचा आणि दोन-दोन दिवस परतायचा नाही. चहाच्या दुकानात लोक दुंगुनचं नाव काढत आणि पाक सोह आला की मासळीच्या भावावर येत. आता पाक सोहला दुंगुनमधली कोणी दुसरी बाई दिसायलाच लागली. बुटकी असणार. चार फूट दहा.

"कापा ना, आयाह. उद्या खांब उभा करायला इमाम येतायत. चाळीस माणसांचा भात सांगितलाय."

पाक सोहने मापकाठीची फळी करवतीच्या मागच्या पट्टीला टेकवली, शिकंजा आवळला, बिस्मिल्ला म्हटलं. विजेच्या करवतीचं डोकं सरकत्या दांड्यांवरून स्वतःकडे ओढलं, खटका दाबून पातं पूर्ण वेगात येऊ दिलं, मग खाली दाबून पुढे ढकललं. फळीचं टोक काटकोनात आलं. छाटलेला तुकडा मोकळा झाला, आणि मदत करावी म्हणून रमलानने तो उचलायला हात घातला.

"हात मागे."

रमलानने हात मागे घेतला.

"पातं थांबेपर्यंत तिथे काही उचलायचं नाही. ते जावई ओळखत नाही."

पातं थांबलं. पाक सोहने गुण्या लावून टोक तपासलं. मग दोरीच्या मापावर सुरीने रेघ ओढली आणि पात्याची जाडी जाण्यापुरती रेघेबाहेर जागा सोडली. आता एकदाच दाबायचं होतं. दाबलं की लेकीचं घर दुसरीचं झालं.

त्याने खटका दाबला, पण मूठ खाली नेली नाही.

मापाची शंका असली तर करवत चालवायची नाही, हा त्याचा नियम. त्याने खटका सोडला, प्लग उपसला आणि वायर गुंडाळून खांद्यावर टाकली.

"देरामान, जाहला हाक मार. वर आईपाशी आहे."

"कशाला?" रमलान म्हणाला. "दोरी आणलीय ना मी?"

"आणलीयस. आता तिचे हातही बघू."

जाह जिना उतरून आली. चार महिन्यांनी माहेरी आली होती. लांब बाह्यांचा कुर्ता, डाव्या हातावरून ओढणीची जाड घडी. उजव्या हाताला केरोपोक, माशाचे पापड, तळतानाचं तेल लागलेलं होतं, ते तिने ओढणीलाच पुसलं.

"दोन्ही हात पसर, पोरी."

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघ," पाक सोह म्हणाला. "घर तुझं आहे की दुसऱ्या कोणाचं, एवढंच मला बघायचंय. लाजायचं काय त्यात?"

तिने ओढणी काढून फळीवर ठेवली. उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर आला. डावा निघाला, आणि कोपरापाशी अडला. पावसाळ्यात फुगलेलं दार अडावं तसा. तिने दात आवळून जोर लावला. कोपर वाकडंच राहिलं.

देरामानचा घासकागद थांबला.

"घसरले होते, आयाह," ती म्हणाली. "न्हाणीत."

पाक सोहने दोरीचं एक टोक तिच्या उजव्या मधल्या बोटावर धरलं. दुसरं छातीवरून, वाकड्या कोपराशेजारून डाव्या बोटापर्यंत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादं माप चुकायला हवं होतं.

दोरी नेमकी पुरली. रमलान एका केसाचंही खोटं बोलला नव्हता.