तुटलेल्या फितीची ओळ

गाणं सुरू झालं आणि केतकीने श्वास रोखून आईकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून नव्वदच्या दशकातलं हे विलायती रॉक गाणं कानावर पडलं, की आई ढसाढसा रडायची. म्हणून तर केतकीनेच हट्टाने तिला दवाखान्यात नेऊन तिच्या डोक्यातून बाबांच्या साऱ्या आठवणी पुसून घेतल्या होत्या.

आई आता मांडीवर ताल धरून ऐकत होती. "छान आहे गं! कुणाचं?"

केतकीला हायसं वाटलं.

दुसरं कडवं आलं. बाबांच्या कॅसेटची फीत तिथे तुटून पुन्हा जोडलेली, त्यात एक ओळ गेलेली. तेवढी ओळ दोघं तोंडाने म्हणायचे, अर्धी आई, अर्धी बाबा. आज गाणं अखंड वाजत होतं, तरी आईने अर्धी ओळ म्हटली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबली.

"केतकी, पुढचं कोण म्हणतं गं?"