कोरडं तळघर

बाईंनी खड्ड्यात बादली ओतली आणि पायरीवर बसून त्या पंपाकडे बघत राहिल्या. पाणी चढलं, त्याच्याबरोबर फ्लोटचा गोळा वर आला, पंप घरघरला आणि बघता बघता सगळं पाणी पाइपातून बाहेरच्या गटारात गेलं. पंप ठणठणीत होता. नेमकं तेच आज बाईंना नको होतं.

घर उताराच्या तळाशी होतं. पाऊस झाला की जमिनीत मुरलेलं पाणी तळघराच्या कोपऱ्यातल्या या खड्ड्यात उतरायचं. पंप नसता तर बाईंचा शिवणाचा क्लास केव्हाच पोहण्याचा क्लास झाला असता. नवरा होता तोवर पंपाचं तोच बघायचा. तो गेल्यावर बाईंनी पदर खोचला. खड्ड्यातला गाळ उपसायचा, पंपाची जाळी ब्रशने घासायची, झडपेत कचरा अडकलाय का बघायचं, सगळं त्या स्वतः करत. तळघराची फरशी त्यांनी कधी ओली होऊ दिली नव्हती. हे त्या भेटेल त्याला ऐकवत, ऐकणाऱ्याकडे तळघर नसलं तरी.

दुपारी मुलाचा फोन आला होता.

"आई, उद्या एक माणूस येईल. त्याला तळघर दाखव."

"कोण माणूस?"

"माझ्या ओळखीचा आहे. मापं घेईल नि जाईल."

"मापं कशाला?"

"नंतर सांगतो ना."

मागून नातीचा आवाज आला, "मी सांगू आजीला?" आणि सुनेने तिला घाईघाईने गप्प केलं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मुलगा दूरच्या शहरात भाड्याने राहायचा, दातांच्या कवळ्या बनवायचा. गेल्या वेळी आला तेव्हा दाराबाहेर बायकोशी कुजबुजत होता, "एवढं मोठं घर आणि आई एकटी. काहीतरी करायलाच हवं." काहीतरी म्हणजे काय, हे न कळायला बाई काही दूधखुळ्या नव्हत्या. घर नवऱ्याने जाताना मुलाच्या नावावर करून ठेवलेलं. विकायला एक सही पुरे. समोरच्या शिक्षिकेचं असंच झालं होतं. आता ती कुठल्याशा चौथ्या मजल्यावरून फोन करून विचारायची, माझ्या अंगणात ऊन आलंय का हो? बाईंना ते दिवस बघायचे नव्हते. या घरातून त्यांना हलायचं नव्हतं, बस्स.

त्यांनी शिवणयंत्रं उंच फळ्यांवर चढवली. मग जाड दोरा घेतला आणि फ्लोट खालच्या खालीच करकचून बांधून टाकला. गोळा वर आला नाही, तर पंप सुरूच होणार नव्हता.

पावसाने त्यांचा शब्द राखला. सकाळी तळघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. ते बघून बाईंचा हात सवयीने दोरा सोडायला गेला, पण त्यांनी मन घट्ट केलं.

आलेला माणूस गोड बोलणारा निघाला. बाईंना ते जास्तच खटकलं. तळघर राहिलं बाजूला, तो घरभर नजर फिरवत होता.

"वर झोपायच्या खोल्या किती?"

"आहेत तेवढ्या आहेत."

"मुलांची शाळा जवळपास आहे का?"

"तुम्हाला किती मुलं?" बाईंनी विचारलं.

"मला? दोन," तो हसून म्हणाला आणि विषय बदलला. "चला, खाली बघू."

शेवटच्या पायरीवर तो थबकला. पाण्यात त्याच्या चेहऱ्यासकट दिवा हलत होता.

"हे नेहमीचंच?"

"दर पावसात. वासाचं तर विचारूच नका."

"पण पंप दिसतोय."

"आहे. नावाला," बाई म्हणाल्या. एवढ्या गुणी पंपाला असं बोलताना त्यांची जीभ अडखळली.

त्याने भिंतीला हात लावून बघितला, दोनचार फोटो काढले. मापाची टेप खिशातून बाहेरसुद्धा आली नाही. "अवघड आहे," एवढंच बोलून तो गेला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, खरंच इतकं पाणी येतं? मला तर असं काही आठवत नाही."

"तेव्हा तुझे बाबा होते. आता फार येतं. तुला काळजी नको म्हणून बोलले नाही."

"नक्की ना?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"मग राहिलंच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनी दोरा कापला. पंपाने पाणी उपसलं, बाईंनी फरशी पुसून लख्ख केली आणि वर येऊन निवांत चहा घेतला. पुढे कुणी मापं घ्यायला फिरकलं नाही. आपण काय बेमालूम डाव टाकला, हे कुणाला सांगता येत नाही एवढीच त्यांना हळहळ होती.

महिन्याभराने मुलगा आला, सून आणि नातही आल्या. मुलगा समोर बसला, पण नजर देईना.

"आई, हे घर विकायला काढतोय. आम्ही तिकडे फ्लॅट घेतला, परवा सह्या झाल्या. आता तूही तिकडेच चल. या ओलीत तुला एकटीला ठेवायचं माझं धाडस होत नाही."

बाईंचा कप हातातच राहिला. तरी त्यांनी उसनं हसू आणलं. "असलं पाण्यातलं घर घेणार कोण? तो तुझा माणूस बघून गेला ना, घेतलं त्याने?"

"तो घर घ्यायला नव्हता आला, आई. तो सुतार होता. माझी कवळ्यांची यंत्रं खाली कुठे बसवायची, ते बघायला मी त्याला पाठवलं होतं," मुलगा म्हणाला. "नक्की होईपर्यंत तुला उगाच आशा लावायची नव्हती. आम्ही तिघं इथे, तुझ्याजवळ राहायला येणार होतो."