टॅपेटची टिकटिक

गल्लीच्या दादानं असा ठोसा हाणला, की मिस्त्रीचा दात उडून समोरच्या दुकानाच्या पाटीवर टण्णकन वाजला! “अख्खं इंजिन खोलून बांधलंस, तरी टॅपेट टिकटिकतंय?”

“अहो दादा, टॅपेट नि व्हॉल्व्हमध्ये बारीक फट ठेवावीच लागते. ती मिटवली, तर इंजिन तापल्यावर गाडी बंद पडते.”

“मला अक्कल शिकवतोस? गुपचूप जायचंय मला. आवाज बंद कर!” दुसरा दातही पाटीवर.

मिस्त्रीनं निमूट सगळ्या फटी मिटवल्या. इंजिन इतकं गप्प झालं, की त्यावर तान्हं मूल निजावं.

“एवढं गुपचूप कुठं, दादा?”

“टेकडीवर. धाकट्या भावाचा मुडदा पाडायला.”

मिस्त्री रक्त थुंकला आणि बॉनेट लावून अदबीनं म्हणाला, “मग चढाला दाबून चालवा हं. मध्ये कुठं थांबू नका.”